चार बोटांवरून

माझा मित्र मोरेश्वर गेल्याचं त्याच्या बायकोनं, सुनंदावहिनीनं, फोनवर सांगितलं तेव्हा मी कर्जतच्या बाजारात माझ्या फोटो स्टुडिओत एका गिऱ्हाइकाचे पासपोर्ट फोटो कापत होतो. "भाऊजी, हे गेले," एवढंच ती म्हणाली. मी "बरं" म्हणालो आणि उरलेले फोटो कापून त्या माणसाच्या हातात दिले... असं का वागलो, अजून कळत नाही. सात आठवडे झाले.

मोरेश्वर खोपोलीच्या एका कारखान्यात फिटर होता. घर पळसदरीला, मागे भावकीची भातशेती. सुट्टीला लोक धरणावर सहलीला येत, आणि हा बांधावर पालथा पडून किड्यांचे फोटो काढत असे. हौसेनं मॅक्रो लेन्स घेतली, तरी त्याचं भागेना. मग एक्स्टेन्शन ट्यूब आणल्या. "अरं, ह्यात भिंग नाय, कायपण नाय, नुसती पोकळ नळी हाय," लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये ती बसवत तो सांगायचा, "पन किडा केवढा दिसतो बघ!" मात्र नळी लावली की किड्याच्या अगदी तोंडाशी जावं लागे. पुढे त्यानं टेलीकन्व्हर्टर मिळवला. त्यात भिंगं असतात. उजेड थोडा कमी होतो, पण आहे तिथूनच किडा मोठा दिसतो. लग्नाच्या फोटोंवर जगणाऱ्या मला हे सगळं त्यानंच शिकवलं.

उन्हाळ्यात एका रिसॉर्टवाल्याला भिंतीवर लावायला पक्ष्यांचे फोटो हवे होते, म्हणून तो कन्व्हर्टर मी आठ दिवसांसाठी मागून आणला. काम झालं, आणि तो माझ्या टेबलाच्या खणात पडून राहिला.

श्रावणात एका सकाळी मोरेश्वर दुकानात आला. "शेतात टाचण्या अंडी घालतात. कन्व्हर्टर दे रं." टाचणी म्हणजे चतुरासारखाच, पण सुईएवढा बारीक किडा. समोर दोन गिऱ्हाइकं होती, खण उपसायचा मला कंटाळा आला. "काम बाकी आहे अजून, पुढच्या रविवारी देतो," मी सरळ खोटं बोललो.

"नाय तर नाय. नळ्या हायेत ना. जरा जवळ जाईन," म्हणत तो हसत निघून गेला. ते आमचं शेवटचं बोलणं.

दुपारी त्यानं मोबाइलवर फोटो पाठवला. भाताच्या पात्याला धरून शेपटी पाण्यात बुडवलेली टाचणी, तिच्या डोळ्यातला कण न् कण मोजावा अशी. खाली लिहिलं होतं, "चार बोटांवरून काढला. दोन तास चिखलात पडलो. नडगी कापली, पन मिळाला." मी उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवला.

आठवड्यानं ताप आला. भिजल्याचा असेल म्हणून गोळ्या घेऊन तो तीन दिवस कामावर गेला. चौथ्या दिवशी डोळे पिवळे झाले, लघवी बंद झाली. पनवेलला नेलं तेव्हा कळलं, लेप्टो. उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून तो येतो, कापलेल्या जागेतून अंगात शिरतो. मी पोचलो तेव्हा त्याला शुद्ध नव्हती...

लोक समजावतात, शेतावरचा माणूस चिखलात उतरणारच, तू कशाला मनाला लावून घेतोस. असेलही. पण कोरड्या बांधावर बसून तो फोटो झाला असता, हे मला ठाऊक आहे. आणि याला आता काही उपाय नाही.

गेल्या आठवड्यात पळसदरीला गेलो. मागच्या पडवीत दोरीवर त्याची पँट लटकत होती, चिखल वाळून पांढरा पडलेला. "ही मी धुनार नाय," वहिनी म्हणाली. दोरीवरचे बाकीचे कपडे तिनं काढून घेतले. मग म्हणाली, "भाऊजी, तुमाला त्यातलं कळतं. इतकं जवळ जायाला लागतंच काय?"

"हो वहिनी," मी म्हणालो, "लागतंच."

"मंग ह्यांचं तरी काय चुकलं," असं म्हणून ती चहा टाकायला आत गेली. मी तिथंच उभा राहिलो. वाळलेल्या चिखलानं त्या पँटचे गुडघे अजून वाकलेलेच होते.