दाजींच्या मापाचा माऊस

माऊस निवडण्याच्या बाबतीत आमच्या दाजींइतका चिकित्सक माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर त्या दोघांची एका दुकानात गाठ पडू नये, एवढीच माझी प्रार्थना आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे विंचूरकडचे, पण लग्नानंतर नाशिक रोडला आले ते इथलेच झाले. एरवी हा माणूस इतका उरकता, की ताईला बघायला आले तेव्हा चहा निवायच्या आत होकार देऊन मोकळे झाले होते. राहतं घर तर जिना चढता चढताच पसंत केलं, आत जाऊन बघितलं ते ताईने. अशा माणसाने कॉम्प्युटरचा एक माऊस घ्यायला सगळा उन्हाळा आणि वर निम्मा पावसाळा घालवावा, आणि त्यासाठी माझी मोटारसायकल आणि माझे शनिवार वेठीला धरावेत, याचं मला आधी हसू यायचं, मग राग यायचा, आणि शेवटी शेवटी नुसतं कुतूहल उरलं.

दाजींचा धंदा लग्नपत्रिकांचा. छोटंसं दुकान, टेबलावर कॉम्प्युटर, शेजारी एक खुर्ची आणि त्या खुर्चीवर वधूपिता नाहीतर वराचा काका. वर गणपती, खाली कुलदेवता, मध्ये वधूवरांची नावं, इथपर्यंत सगळं चुटकीसरशी होतं. खरा गोंधळ पुढे असतो, निमंत्रकांच्या नावांचा. "मामांचं नाव जरा वर घ्या बरं," खुर्चीवरचा माणूस म्हणतो. मामा वर गेले की आत्याचे यजमान खाली येतात. घरी फोन लागतो, तिकडे कुणीतरी रुसतं, की मामा पुन्हा खाली. हे मामा, काका, आजी-माजी सरपंच दाजी दिवसभर माऊसने धरून उचलतात आणि ठेवतात. वर्षानुवर्षं असे लोकांचे सोयरे उचलून दाजींचं उजवं मनगट पार कामातून गेलं. डॉक्टरांनी विचारलं, "जड काही उचलता का?" तर दाजी म्हणाले, "उचलतो ना. लोकांचे मामा."

डॉक्टर हसले, पण हात दाबून बघितल्यावर त्यांचं हसू मावळलं. हाताला नीट बसेल असा माऊस घ्या आणि रविवारचा तो खेळ बंद करा, नाहीतर हा हात कायमचा रुसेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. खेळाचंही सांगायला हवं. पन्नाशी उलटलेले आमचे दाजी दर रविवारी दुपारची जेवणं झाली की कानांना हेडफोन लावतात आणि बंगळूरला नोकरीला असलेल्या आपल्या लेकीशी कॉम्प्युटरवर गेम खेळतात. भिंतीआड लपायचं, नेम धरायचा आणि एकमेकांना रंगाच्या गोळ्यांनी माखायचं, असला काहीतरी प्रकार. मी म्हटलं, "दाजी, काम पोटाचं आहे, ते सुटायचं नाही. गेम सोडा. पोरीशी फोनवर बोला की!"

"पाव्हणं," दाजी म्हणाले (मला ते खुशीत असले तरी पाव्हणं म्हणतात आणि चिडले तरी पाव्हणंच म्हणतात), "फोनवर मी काय बोलतो म्हायतीये? जेवली का? जेवले. पाऊस हाय का? नाय. आईला देऊ का? द्या. संपलं! आन् गेम चालू असला ना, की पोरगी बोलत सुटते. साहेब कसा खडूस हाय, घरमालकीण काय बोलली, बाथरूममध्ये जाऊन का रडली... सगळं. समोरासमोर बसवलं तर आम्ही दोघं बी मुके. नेम धरता धरता तिच्या तोंडून आपसूक निघतं. ते बंद करू म्हनता?"

थोडक्यात, आठवडाभर लोकांचे मामा उचलूनही रविवारी लेकीसाठी हात शिल्लक राहील, असा माऊस शोधायचा होता. कामाला एक आणि खेळाला एक असे दोन घ्या, असंही मी सुचवून बघितलं. "हाताला एकच घर पाहिजे," असं म्हणून दाजींनी हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि मागच्या सीटवर बसले.

एम. जी. रोडवरच्या कॉम्प्युटरच्या दुकानांतून दाजींना माऊस बघताना ज्यांनी पाहिलं, त्यांनी जन्मात काहीतरी पाहिलं म्हणायचं. उभ्याउभ्या माऊस बघणं त्यांना मान्य नाही. आधी खुर्ची मागायची, कोपर टेबलावर टेकेल अशी. मग डोळे मिटायचे, माऊसवर हात ठेवायचा आणि एक लांब श्वास सोडायचा. मग हात हळूहळू पुढे सरकायचा, थांबायचा, मागे यायचा. एकदा दुकानदार घाबरून म्हणाला, "काका, बरं वाटतंय ना?" दाजींनी डोळे न उघडता सांगितलं, "थांबा हो, मामा वर चाललेत." त्यानंतर निकाल. हा बुटका, करंगळी टेबलावर घासते. हा जड, ओढता ओढता खांदा भरून येईल. हा इतका हलका, की हाताखाली आहे का उडाला तेच कळत नाही. एकाला कडेने लाल-निळे दिवे आणि अंगठ्यापाशी बटणांची अशी दाटी, की दाजींनी अंगठा टेकवला आणि पडद्यावरचं पान गायब! "अंगठा ठेवायचा कुठं? माझ्या खिशात?" असं विचारून त्यांनी तो परत केला. बिनआवाजाचा एक मला फार आवडला होता. तोही नको. म्हणाले, "माझी टिकटिक तिला तिकडं ऐकू येते. थांबली की विचारते, पप्पा, आहात ना?"

या नादात त्यांना माणसांच्या हातांचंच वेड लागलं. घोटीला एका लग्नात नवऱ्यामुलाला शुभेच्छा द्यायला स्टेजवर चढले आणि त्याचा हात काही सोडीचनात. मागे आहेर घेऊन रांग खोळंबलेली, फोटोग्राफर "काका, इकडे बघा" म्हणून ओरडतोय, आणि दाजी त्या पोराचा तळवा उलटासुलटा करताहेत. अखेर म्हणाले, "तुम्हाला लांबट चालंल, पाठीला उंच." नवरीने नवऱ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्याचा फोटो मात्र नक्की चांगला आला असणार.

कहर झाला तो कणकेचा. ताई पोळ्यांना बसली होती. दाजींनी परातीतला मोठा गोळा उचलला, त्यावर हात सैल सोडून हलकेच दाबला आणि तो तस्सा गच्चीवर उन्हात वाळत घातला. खडखडीत वाळल्यावर तो रुमालात बांधून आम्ही दुकानात गेलो. दाजींनी काउंटरवर गाठोडं सोडलं आणि म्हणाले, "ह्या मापाचा द्या." दुकानदाराने आधी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. पण बिचारा सज्जन होता. एकेक खोका उघडून त्याने खरोखर त्या मापाचा माऊस काढून दिला. गोळ्याच्या भरवशावर दाजी दुकानात हात न लावताच विजयी मुद्रेने घरी आले, हात ठेवला, आणि निम्मी बोटं बाहेर! मग ताई जे हसली, ते कमरेला पदर खोचूनच. "अहो, दर वर्षी गच्चीवर कुरडया घालते मी. ओल्या केवढ्या असतात आणि वाळून केवढ्या होतात, हे कधी बघितलंत का? खाताना तेवढं बघता! मला विचारलं असतंत तर?" तो माऊस माझ्या गळ्यात पडला. माझ्या हाताला तो झकास बसतो, पण दाजींसमोर मी तसं बोलत नाही.

शेवटी पावसाळ्यात एका शनिवारी माऊस सापडला. हा उभा होता. कुणाशी हात मिळवायला पुढे करावा तसा पंजा कडेवर ठेवून धरायचा. दाजींनी डोळे मिटले, मामा वर नेले, खाली आणले, पुन्हा वर नेले. डोळे उघडले तेव्हा त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. "पाव्हणं," ते हळूच म्हणाले, "दुखलं नाय." मला इतका आनंद झाला, की रस्त्यात गाडी थांबवून मीच त्यांना मिसळ खिलवली.

मनगट सुधारलं. पत्रिका धडाधड निघू लागल्या. पण रविवारी घोळ झाला. वाडवडिलांपासून म्हणावी अशी पालथ्या पंजाने नेम धरायची सवय, ती उभ्या पंजाने काही चालेना. एका रविवारी मी जेवायला गेलो होतो, तर दाजी लागोपाठ हरत होते. गोळे भलतीकडेच जायचे. माऊस बदलला तर हात जाणार, न बदलला तर खेळ जाणार. दाजींचं घाम पुसणं काही थांबत नव्हतं आणि ताई दारातून नुसती बघत होती.

दिवाळीच्या आधी पुन्हा गेलो, तर दाजी चक्क जिंकत होते! मी पाठीवर थाप मारली. "वा दाजी! बसला की हात!"

दाजींनी माइकचं बटण बंद केलं आणि हेडफोन मानेवर ओढले. "हात कुठला बसतोय," ते पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "ती भिंत सोडून मोकळ्यात येऊन उभी ऱ्हाते. माझा नेम चुकला, की फिरून परत येते. लागेपर्यंत."

मी म्हटलं, "मग तिला सांगा ना, तुम्हाला कळलंय म्हणून."

"नको. तिला वाटतंय, पप्पांना समजत नाय. वाटू दे."

एवढं बोलून त्यांनी हेडफोन कानांवर चढवले, माइक सुरू केला आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात ओरडले, "काय गं, परत हरली! लक्ष कुठं असतं तुझं?" तिकडून ती काहीतरी तावातावाने सांगू लागली. दाजी "हं, मग?" म्हणत ऐकत होते. डोळे भरून आले होते, त्यामुळे पुढचा नेमही चुकला. पण ती पुन्हा मोकळ्यात आली असणार, कारण थोड्या वेळाने ते पुन्हा जिंकले.