झारा माझ्या हातात होता

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. तुम्हाला का सांगतेय — तेही नीट कळत नाही.

गोंडपिपरीच्या पुढं, जंगलाला लागून एक निवासी शाळा आहे. तिथलं स्वयंपाकघर मी चालवते. मोहफुलं वेचणाऱ्या घरातली मी. इथवर कुणाच्या मेहरबानीनं आले नाही. बाजारात मी टोपलीपाशी बसले की भाजीवाला कपाळाला हात लावतो — "आली बाई, आता आपलं दुकान उठते." भाव कसा पाडायचा, मला कळतं. राग कसा आवरायचा, ते नाही.

त्या दिवशी मुख्याध्यापकांकडं कोरडी लाकडं मागायला गेले होते. शिक्षकांसमोर ते म्हणाले, "तू चूल फुंक बाई, आमाले शानपणा नोको शिकवू." सगळे हसले. ते हसणं अजून टोचतं. पण ते हसले म्हणून पुढचं घडलं, असं म्हणू का? नाही म्हणत.

परतले तर स्वयंपाकघर धुरानं भरलेलं. जेवणाच्या रांगेतून एक मुलगी आत शिरून भाजीच्या गंजात, मोठ्या पातेल्यात, वाटी बुडवत होती. पायल, सहावीतली. तिची पाठ माझ्याकडं होती. लोखंडी झारा — उजव्या कानावर बसला. ती पडली, झारा माझ्या हातून सुटला. माझ्यासोबत रांधणारी शेवंताबाई धावत आली. एका हातानं तिनं पोरीला उठवलं, दुसऱ्या हातानं झारा. रांधणाऱ्या बाईला झारा मातीत पडलेला पाहवत नाही, हात आपोआप जातो. धूर विरला तेव्हा सगळ्यांना एवढंच दिसलं — झारा शेवंताबाईच्या हातात.

"मी नाई मारलं जी," ती गलका ऐकून आलेल्या मुख्याध्यापकांना म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "सांग ना वं, काऊन चूप हायेस?"

"मी भाताकडे होती," मी म्हणाले. "मले नाई दिसलं."

शेवंताबाईला कामावरून काढलं. ती आता मिरची तोडायला तेलंगणात जाते. पायलला त्या कानानं ऐकू येत नाही.

पुढच्या वर्षी शाळेत कार्यशाळा सुरू झाल्या — मारहाण थांबावी, मनात दाबलेलं मोकळं व्हावं म्हणून. शिक्षक, चौकीदार, आम्ही रांधणाऱ्या, मुली, सगळे गोलात बसायचो. नदीतला एक गोटा हातोहात फिरायचा. ज्याच्या हातात गोटा, त्यानं बोलायचं. माझ्याकडं आला तेव्हा लहानपणी बापाचा खाल्लेला मार मी सांगितला. तो खरा होता. आणि तुम्ही कधी कुणावर राग काढला का, असं विचारलं — तर एकदा ताट भिरकावलं, म्हटलं. कळतंय ना, मी काय केलं? घासाघीस केली. छोटं देऊन मोठं वाचवलं.

कार्यशाळा घेणाऱ्या ताईंचे डोळे भरून आले. तेव्हापासून दरवेळी मलाच आधी बोलायला लावतात. कुणी हात उगारला की मुली सांगायला माझ्याकडं येतात. आता कुठून बाहेर पडू? जितकं बोलते, तितकी आत कोंडली जाते.

गेल्या कार्यशाळेत ताई म्हणाल्या, ज्याच्याजवळ भीती वाटत नाही, त्याचा हात धरा. पायल उठून माझ्याकडं आली. आता दहावीत आहे. तिनं माझा हात धरला — तोच हात. मग गोटा मांडीवर ठेवून म्हणाली, "शेवंतामावशीनं मले मारलं होतं. मी तिले माफ केलं."

शेवंताबाईनं मारलं नाही. मी मारलं.

तिथं हे म्हणायला कितीसा वेळ लागला असता? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पायलनं माझा हात सोडला — मलाही वाजवता याव्यात म्हणून.

मी वाजवल्या.