अल्लीपूर: खिडकीच्या गजाला बांधलेला रेझर

अल्लीपूरला कोणी फिरायला जात नाही. किल्ला नाही, धबधबा नाही, फोटो काढावा असा पॉइंट नाही. मी गेलो, कारण प्रणालीने आठ महिने माझा फोन उचलला नव्हता आणि माझ्याकडे तिच्या वडिलांसाठी बनवलेला एक रेझर होता. तिने परत माझ्याशी बोलावं, एवढ्यासाठी हा दोन दिवसांचा प्रवास.

आधीचं थोडक्यात सांगतो. आम्ही दोघं मेकॅनिकल इंजिनिअरिंगला. तिच्या वडिलांना लकवा मारला, डावा हात गेला, उजवा थरथरतो. त्यांना स्वतःची दाढी स्वतः करता यावी असा रेझर, हा आमचा प्रोजेक्ट. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "हा वापरून कोणी पाहिला?" माझं डोकं सटकलं. मॉडेल टेबलावर आपटलं, बाहेर पडलो, तो पुन्हा कॉलेजात गेलोच नाही. उरलेली परीक्षा प्रणालीने एकटीने दिली, तुटक्या मॉडेलसकट.

शनिवारी सकाळी पुलगावहून गाडीने वर्धा. स्टेशनबाहेर तर्री-पोहे खा, पण तर्री, म्हणजे वरचा झणझणीत रस्सा, मागून घ्या, न मागता पातळ वाढतात. पुढे अल्लीपूरची एसटी. वेळापत्रकावर विसंबू नका, चौकशीच्या खिडकीत विचारा. मी तासभर ताटकळलो. जानेवारीचं आभाळ भरून आलेलं, पडणारही नाही आणि उघडणारही नाही असं. रस्ताभर तुरी काळपट दिसत होत्या.

शेजारच्या म्हातारीने माझ्याकडे दोनदा पाहिलं. "कोनाच्या घरी जाऊन राह्यला बाबू?"

"मित्राच्या."

"मंग थोबाड असं काऊन केलं? तेरवीले चालल्यासारखं?"

मी खिडकीकडे तोंड फिरवलं आणि मांडीवरचा रेझरचा डबा उघडून पाहिला.

बाजारातल्या रेझरचं डोकं, म्हणजे पात्यांचं कार्ट्रिज, दांड्याला दोन बारीक नख्यांनी अडकतं. बटण दाबलं की सुटतं. त्याच्या पाठीशी एक दट्ट्या असतो, आत स्प्रिंग. गालाचा चढउतार आला की डोकं वाकतं, दट्ट्या त्याला परत सरळ करतो. या नव्या रेझरला मी डोकं बाजारातलंच ठेवलं आणि दांडा ओळखीच्या लेथवर ॲल्युमिनियमचा कातून घेतला. जाड, गोल, वजनदार, कारण वजनाने थरथर कमी होते. स्प्रिंग कडक घातली, म्हणजे डोकं नाचणार नाही. महिनाभर माझ्या गालावर चालवून पाहिला. लोण्यासारखा चालायचा.

घर सापडायला त्रास नाही, भाजीवाले पाटील म्हटलं की कोणीही दाखवतं. प्रणालीचे वडील, काकाजी, अंगणात बाजेवर बसले होते, काकू सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होत्या. प्रणालीही घरीच होती. दारात येऊन थबकली.

"काऊन आला तू?"

"काकाजींसाठी रेझर आणलाय."

काकाजी हसले. तोंडाची एकच बाजू हसते त्यांची. "आज शनवार हाय बाबू. शनवारी आमी दाढीले हात लावत नाई. उद्या येजो."

आमच्या घरीही शनिवार पाळतात. आठ महिने मी स्प्रिंगचा जोर मोजत बसलो आणि वार मात्र पाहिला नाही.

राहायला मी हिंगणघाट गाठलं. स्टँडजवळ लॉज आहेत, चादर आपली न्या. तिला काय बोलायचं ते आरशासमोर चार वेळा म्हणून पाहिलं. चारही वेळा शेवटी आवाज चढला.

रविवारी पहिल्या एसटीने परत अल्लीपूर. काकाजी खिडकीसमोर स्टुलावर बसले होते, गालाला फेस. खिडकीच्या गजाला, बरोबर गालाच्या उंचीवर, एक साधा प्लॅस्टिकच्या दांड्याचा रेझर बांधलेला. ठिबकच्या पाइपाला लावतात ती स्क्रूची क्लिप, खाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा. उजव्या हाताने त्यांनी गज घट्ट धरला आणि गाल रेझरवरून खाली ओढला. हात नाही, तोंड हलत होतं. रेझरचं डोकं गालाबरोबर लवत होतं, नेहमीच्या रेझरपेक्षा बरंच जास्त. डोकं जास्त वाकू न देणारा आतला अडसर प्रणालीने कानशीने घासून काढला होता आणि स्प्रिंग अगदी नरम घातली होती.

"म्हैस कशी खुंट्याले अंग घासते," काकाजी म्हणाले, "तशी आपली दाढी. पाहू तुयावाला."

माझ्या दांड्यासाठी क्लिप शेवटपर्यंत उघडावी लागली. पहिला फेरा बरा गेला. दुसऱ्याला गोल दांडा क्लिपमध्ये फिरला, कडक स्प्रिंगमुळे रेझरचं डोकं वाकलं नाही, आणि कानाखालून रक्ताची रेघ उतरली.

"क्लिप ढिली आहे तुझी," मी ओरडलो.

प्रणालीने टॉवेल दाबून धरला. "परीक्षेत सर खराब होते. आता क्लिप. बाबा दाढी कसे करते, ते तरी इचारायचं."

"फोन उचलत होतीस का?"

"त्याच्या आधी सहा महिने रोज तुझ्या बाजूले बसत होती मी. तवा इचारलं?"

मी क्लिपचा स्क्रू सैल करायला लागलो.

"जाऊ दे व पोरी," काकाजी म्हणाले. "न्हाव्याच्या हातानंबी चिरा पडतेच."

काकूंनी जेवू घातलं. वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर, ठेचा. वाढलं तेवढं खाल्लं. प्रणाली बाहेर आली ती निघताना, कागदात गुंडाळलेला दांडा घेऊन. डोकं तिने काढून ठेवलं होतं. ते त्यांच्या रेझरला बसत होतं.

"येजो," असं ती म्हणाली नाही.

घरी येऊन आज बारा दिवस झाले. प्रवास म्हणून विचाराल तर जाऊ नका, पाहण्यासारखं काही नाही. मला मात्र तो गजाला धरलेला हात आणि थांबलेल्या पात्यावर डोळे मिटून टेकवलेला गाल राहून राहून दिसतो. मी घरी तसं करून पाहिलं. दोन ठिकाणी कापलं.

काल काकूंच्या नंबरवर फोन लावला, काकाजींना मागितलं. मान किती वळते, गज किती जाड, स्टूल किती उंच, सगळं विचारून लिहून घेतलं. ते न कंटाळता सांगत होते. मागून प्रणालीचा आवाज आला, "कोनाचा फोन हाय, बाबा?"

काकाजींचा आवाज फोनपासून जरा लांब गेला.

"ठिबकच्या पायपावाल्याचा," ते तिला म्हणाले. आणि मला, "हं, लिहून घे. गजापासून भिंत, चार बोटं."