माऊसखालचा कागद

आमच्या कचेरीत सगळे त्याला उंदीरमामा म्हणायचे. माऊस अडला, कीबोर्डची कळ रुतून बसली, की हाक त्यालाच. मी कायम नोकरीतला, शेजारच्याच टेबलावर आवक-जावक बघायचो. त्याची चौदा वर्षं माझ्या डोळ्यांदेखत गेली, चौदाही रोजंदारीवर.

पूर्वी माऊसच्या पोटात रबरी गोळी असायची. ती घरंगळली की आतले दोन रूळ फिरायचे, एक आडवी चाल मोजायचा, दुसरा उभी. रुळांवर मळ बसला की पडद्यावरचा बाण अडखळायचा. मामा तो मळ नखाने खरवडायचा आणि म्हणायचा, "मळ साहेबांच्या हातचा, नखं माझी."

यंदा वरून हुकूम आला, पंचेचाळिशीच्या आतल्या रोजंदारीवाल्यांना कायम करा. अर्जावर साहेबांची सही हवी, मुदत महिनाअखेर. मामाची पंचेचाळिशी दोन महिन्यांवर आली होती, म्हणजे आता नाही तर कधीच नाही. त्याने सुवाच्य अक्षरात एका पानावर अर्ज लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवला. बायकोने तर शेजारणीला सांगूनही टाकलं.

त्याच आठवड्यात साहेबांना काचेचं टेबल आलं आणि त्यांचा माऊस जागचा हलेना. मामाने समजावलं, "साहेब, ह्या नव्या माऊसच्या पोटात दिवा आणि बारीक कॅमेरा असतो. तो सेकंदाला हजारो फोटो काढतो आणि खालचा पृष्ठभाग किती सरकला ते ताडतो. नितळ काचेवर त्याला दिसणार काय? खाली एखादा कोरा कागद घाला." मामा बाहेर आला. थोड्या वेळाने माऊस चालू लागल्याचा निरोप आला.

मुदत संपली, सही झाली नाही. "तुझा अर्ज माझ्यापर्यंत आलाच नाही," साहेब म्हणाले. मामा आपल्या जागेवर जाऊन बसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मी गप्पच राहिलो. कायम माणसाला पगार कशाचा मिळतो, हे मला त्या दिवशी कळलं.

आठवड्याने साहेबांच्या कीबोर्डची वायर निसटली. मामा टेबलाखाली शिरला तो बाहेरच येईना, म्हणून मी वाकून पाहिलं. तो उताणा पडून वर काचेकडे बघत होता. माऊसखाली कागद पालथा घातला होता. वरून कोरा, पण खालून ओळ न् ओळ वाचता येत होती. अक्षर मामाचं होतं.

तो अंग झटकत बाहेर आला.

"झालं?" साहेबांनी विचारलं. "त्या कागदाला हात लावू नकोस हं. आत्ता कुठे बाण सरळ चालायला लागलाय."

"नाही लावत, साहेब."

जिन्यात मी त्याला धरलं. "बोलला का नाहीस?"

"काय बोलू? कागद घाला म्हणून मीच सांगितलं ना."

कागद अजून तिथेच आहे. माऊस छान चालतो, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला साहेब कौतुकाने सांगतात की ही युक्ती आमच्या मामाची.