थप्पड सिस्टरचं मिनिट

बावीस वर्षं बाळंतपणाच्या खोलीत तिचा हात चालला. बाई किंचाळली की मांडीवर सणसणीत चापट, मूल रडलं नाही की पाय धरून उलटं टांगायचं आणि पाठीत दोन रट्टे. नावच पडलं थप्पड सिस्टर. मग एका ट्रेनिंगमध्ये कळलं, हे सगळं चुकीचं. दोन दिवस जेवली नाही. आता तीच नव्या नर्सना शिकवते. "बाळंतिणीवर हात उगारला ना, तर तो हात कोपरापासून काढून ठेवीन. काय?"

त्या दुपारी चार शिकाऊ मुलींसमोर मूल जन्मलं ते निळं, लिबलिबीत. पुसलं, पाठ चोळली. श्वास नाही. हातात एकच मिनिट. सिस्टरनं त्याच्या नाकातोंडावर मास्क बसवला आणि हवेची रबरी पिशवी दाबू लागली. "दाब, सोड, सोड." मोठ्यानं मोजायचं, हा तिचाच नियम.

दाराच्या फटीतून बाळंतिणीच्या सासूनं पाहिलं. "अगं बाई, पोराचं तोंड दाबतेय ही!"

दिरानं लाथ घातली, कडी तुटली. "उलटं धर! मार पाठीत!"

"हा जन्मला तेव्हा याला असंच मारून रडवलंत ना तुम्ही?" सासू दिराकडे, आपल्या धाकट्या लेकाकडे, बोट दाखवून ओरडली. "मग माझ्या नातवालाच का मारताय?"

सिस्टर मागे वळली नाही. "दाब, सोड..." दिरानं केस धरून ओढले. कानफटात दिली. मग तोंडावर ठोसा. दात फरशीवर पडला. मास्कवरचा हात हलला नाही. एक मुलगी त्याच्या कमरेला लटकली, त्यानं तिला अवजारांच्या ट्रेवर भिरकावलं, ट्रे तिच्या अंगावर उलटला. दुसरी त्याच्या दंडाला कडकडून चावली.

सिस्टरच्या तोंडात रक्त भरलं, मोजणं थांबलं. तेव्हा ट्रेखालून आवाज आला, "दाब, सोड, सोड!" मग चौघींचा.

छाती हलली. मांजरीच्या पिल्लासारखं एक चिरकं रडणं.

दिराचा हात तसाच हवेत.

"चल, पोलीस चौकीत," मी, तिच्याच वॉर्डातली जुनी नर्स, नंतर म्हटलं.

"आधी मला सांग, त्यांना पिशवी कुणी दाखवली होती? मुलींना शिकवलं, घरच्यांना नाही. आणि रट्ट्यांची सवय कुणी लावली? मीच."

"म्हणून दात पाडायचा? डोंबल!" तक्रार मी दिलीच.

ती मात्र आता प्रसूतीआधी एकेका नातेवाइकाला पुढे बोलावते, तळहातावर मास्क टेकवून पिशवी दाबते.

"लागलं का?"

"नाही. नुसती हवा."

"मग बाहेर गप बसायचं."