गोदामाच्या यादीतील सहा ऑगस्ट

‘साहेबांचे मन द्रवले, म्हणून तो हमाल सुटला.’ माझे एक निवृत्त सहकारी सकाळी शिवमंदिराच्या परिसरात फिरायला येतात आणि ही कथा आजही सांगतात. ऐकणारे मान डोलावतात. मी डोलावत नाही. त्या प्रकरणाचा तपास माझ्याकडे होता आणि त्यातील शब्द न् शब्द मला आठवतो.

अंबरनाथच्या एका कारखान्याच्या गोदामातून सहा ऑगस्टला तांब्याची वेटोळी चोरीस गेली. व्यवस्थापकाने खबर देताना संगणकातील एक ओळ छापून आणली. त्या ओळीनुसार त्या दिवशी एकच माणूस आत शिरला होता: बारवी धरणाकडच्या वाडीवरचा एक कंत्राटी हमाल. आम्ही त्याला चौकशीसाठी पोलीस ठाण्यात आणले.

“साहेब, त्या दिसाला मी कामाव गेलोच नाय. भातातलं तण काढीत व्हतो.”

“कोणी पाहिलं?”

“बायकूनं.”

हेच सहकारी हसले. “बायको तर म्हणेलच! मशीन खोटं बोलतं का रे?”

ती बायको बाहेर बाकावर बसून होती. अटकेचे कागद तयार होते. माझी सही तेवढी बाकी होती.

मी सही केली नाही. दया म्हणून नव्हे. एक ओळ हाती देणाऱ्याकडून पूर्ण पान मागावे, ही माझी शिस्त. मी कारखान्यात गेलो आणि पंचांसमक्ष सगळी यादी छापून घेतली. नोंदी भरणारी मुलगी बेलवलीची होती. प्रोग्राम उल्हासनगरच्या एका दुकानातून करून घेतलेला.

“तारीख कशी टाकता?”

“वॉचमनच्या वहीत असते तशीच, सर. आधी दिवस, मग महिना. पण तेरा तारखेपासून पुढे एरर येतो. मग मी उलटं टाकते, लगेच घेतं.”

“कोणाला सांगितलंत?”

“काम चालत होतं ना, सर!”

प्रोग्राम पहिल्या आकड्याला महिना समजत होता. तेरावा महिना नाही, म्हणून तो तेथे अडे; बारापर्यंत मात्र निमूटपणे चुकीची तारीख लिहून घेई. हमाल आठ जूनला रीतसर गोदामात गेला होता, त्याचे सहा ऑगस्ट झाले. सहा ऑगस्टला खरोखर शिरलेल्याचे नाव आठ जूनखाली सापडले आणि माल त्याच्याकडूनच जप्त झाला.

माणूस असो वा यंत्र, ते जेथे अडखळते तेथेच थांबून विचारावे, हे मी त्या मुलीच्या टेबलाशी शिकलो. सहकाऱ्यांना यात अजूनही माझी दयाच दिसत असेल, तर त्यांनी ती यादी पुन्हा वाचावी. आम्ही ती त्याच ऑगस्टमध्ये छापून घेतली होती, आणि तीत तोच हमाल सात ऑक्टोबरला गोदामात शिरलेला होता.