एकाच अंड्यातली दोन पिल्ले

अंडे बल्बसमोर धरायचे, डावा डोळा मिटायचा, मनगट थोडे फिरवायचे आणि म्हणायचे, "एकटंच हाय. घ्या."

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका गल्लीच्या तोंडाशी मामांची अंड्यांची टपरी होती. नव्वदच्या दशकात तुमच्यापैकी कोणी तिथून गावरान अंडी घेतली असतील, तर हे वाक्य तुम्ही ऐकले असणार. डझनाला बारा वेळा. घाईतली गिऱ्हाइके वैतागत.

"मामा, नुसती द्या की अंडी. त्यांचं लगीन लावायचं न्हाय आमाला," एक बाई माझ्यादेखत म्हणाल्या.

"जोडीचं घावलं तर लगेच लावतो, ताई," ते म्हणाले आणि पुढचे अंडे उचलले.

जोडीचे म्हणजे दोन बलकांचे. तसे अंडे निघाले तर ते कोणालाच देत नसत. भुसा भरलेल्या डब्यात बाजूला ठेवत. मी जवळच्याच एका दैनिकात वार्ताहर होतो. त्या डब्याबद्दल विचारायला मला सहा महिने लागले.

टपरीच्या आधी ते एका हॅचरीत होते. काम हेच. उबवणीच्या यंत्रात जाण्यापूर्वी प्रत्येक अंडे उजेडासमोर धरून पाहायचे आणि दोन बलकांचे असेल तर काढून टाकायचे. अशा अंड्यात दोन पिल्ले धरली, तरी जागा आणि हवा एकापुरतीच असते. कोणालाच वळून कवच फोडता येत नाही. दोन्ही गुदमरतात. म्हणून तो नियम.

एकदा त्यांच्या नजरेतून एक अंडे सुटले. एकविसाव्या दिवशी ट्रेमध्ये एक मोठे अंडे चिरा जाऊन तसेच पडलेले त्यांना दिसले. त्यांनी नखाने कवच सोडवले. आत दोन पिल्ले होती, दोन्ही जिवंत. ते साहेबांना बोलावून आणेपर्यंत ती ट्रेमधल्या बाकीच्या पिल्लांत मिसळून गेली. सगळी सारखीच पिवळी, सारखीच ओलसर.

"साहेब म्हटलं, सकाळी सकाळीच घेतलीस व्हय रं. मी सुपारीबी खात न्हाय, पावणं."

पुढे हॅचरीत त्यांना 'जुळ्या' म्हणू लागले. काही वर्षांनी त्यांनी नोकरी सोडली. नाव मात्र गावापर्यंत आले होते.

त्यांचे घर हातकणंगल्याजवळच्या एका खेड्यात होते. घरात ते एकटेच. तिथे एक खुडूक कोंबडी पाटीत बसवलेली असे, आणि तिच्याखाली एकच अंडे, दोन बलकांचे. दुसरे अंडे ठेवायचे नाही, म्हणजे पिल्ले कुठून आली हा प्रश्नच उरणार नाही. कोंबडी एकवीस दिवस त्या एका अंड्यावर बसे. शेजारी हसत.

टपरीवरून जाता-येता मला बातमी कळे. "सातव्या दिवशी बघितलं, शिराच धरल्या न्हाईत." "एकात जीव हुता, एक तसंच राहिलं." "चौदाव्या दिवशी गप झालं." ते हे सगळे बसच्या वेळा सांगाव्यात तसे सांगत. अशी चार वर्षे गेली.

मग एका दुपारी ते आमच्या कार्यालयात आले. चपला दाराबाहेर काढून माझ्या टेबलाशी उभे राहिले.

"दोन्हीत जीव हाय. आतनं दोन बाजूंनी हलतंय. मंगळवारी फुटंल. तुमी या."

"मी येऊन काय करू, मामा?"

"बघा. मी काय म्हटलं तर लोक हसत्यात. तुमी छापलं की गप बसतील."

सकाळी दहापर्यंत येतो, असे मी सांगितले. मंगळवारी साडेआठला मला एका साखर कारखान्याच्या सभेला पाठवण्यात आले. नाही म्हणता आले असते. मी म्हटले नाही. निरोप द्यावा तर त्यांच्याकडे फोन नव्हता. मी त्यांच्या दारात पोहोचलो तेव्हा अडीच वाजले होते.

ते पाटीशेजारी उकिडवे बसले होते. पुढ्यात कोमट पाण्याची वाटी, कापूस आणि दाभण. कोंबडी बाहेर सोडलेली. अंडे फडक्यात होते. त्याला ज्वारीच्या दाण्याएवढे भोक पडलेले होते.

"पहाटंच चोच मारली. बारापतोर दोघांचा आवाज येत हुता. एकाचा बारीक, एकाचा मोठा."

"मग फोडलं का नाही?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "मी एकट्यानं फोडलं असतं तर तुमीच म्हटला असता, मामानं बाहेरनं आणून ठेवली."

बाहेरून आणली का, असे मी विचारलेच असते, हे मला माहीत होते. तेच माझे काम होते.

त्यांनी माझ्यासमोर कवच सोलले. भोकाभोवतीचा एकेक टवका दाभणाने उचलून ते तळहातावर ठेवत होते. आत दोन पिल्ले होती, पोटाला पोट लावून, एकाची मान दुसऱ्याच्या पंखाखाली. पूर्ण वाढलेली. दोन्ही अजून गरम होती. त्यांनी वाटीतले पाणी लावले, कापसाने चोची पुसल्या, फुंकर घातली. बराच वेळ फुंकर घालत राहिले.

"घ्या लिवून," शेवटी ते म्हणाले.

मी चार ओळी लिहिल्या. जिल्ह्याच्या पानावर त्या आल्या: एका अंड्यात दोन मृत पिल्ले. दुपारपर्यंत ती जिवंत होती, हे मी लिहिले नाही, कारण ते मी पाहिले नव्हते. कोणाची वाट पाहताना ती गेली, हेही लिहिले नाही. दुसऱ्या दिवशी टपरीवर त्यांनी अंक घडी करून ठेवलेला दिसला.

"बराबर लिवलासा," ते म्हणाले. त्यात राग नव्हता. त्यानंतर त्यांनी मला कोंबडीची बातमी कधी सांगितली नाही. मीही विचारली नाही. डबा जागेवर होता. अंडी घ्यायला मी हळूहळू दुसरीकडे जाऊ लागलो.

दोन हजारनंतर केव्हातरी टपरी बंद झाली. तिथे मोबाईलचे दुकान आले. मामा वारल्याचे मला एका रिक्षावाल्याकडून कळले, तेही काही महिन्यांनी. मी त्यांच्या गावी गेलो. घराला कुलूप होते. शेजारच्या बाई दारात शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांच्या अंगणात दोन तांबड्या कोंबड्या फिरत होत्या, एक दुसरीपेक्षा बरीच लहान.

"त्यांच्याच हायत," बाई म्हणाल्या. "एकाच अंड्यातल्या. गेल्या साली निघाल्या. त्यांनीच दाभणानं काढल्या."

"तुम्ही काढताना पाहिलंत?"

"न्हाय की. मी रानात गेलते."

"मग एकाच अंड्यातल्या कशावरून?"

बाईंनी शेंग फोडायची थांबवली. "ते म्हटले की."

मी विचारले, मामांनी हे कोणाला कळवले का नाही.

"म्या म्हटलं हुतं, मामा, आता तरी त्या पेपरवाल्या पावण्यास्नी बोलवा. तर म्हटले, नको. ते येईस्तवर जगत न्हाईत."

बाईंनी मला आत बसायला सांगितले, पाणी दिले आणि कुठून आलात म्हणून विचारले. मी कोल्हापूरहून, इतकेच सांगितले.